धुरकरी

चिचटोल्याच्या पटात मुखरूकाकाची जोडी
अर्ध्या सेकंदानं हरली.
भोंग्यावरच्या पोरानं ते तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा हसून.
दाणीच्या कडेला कोणी बोललं,
म्हाताऱ्यानं पैसे खाल्ले, दोर आवळला.

पराणी माझ्या हातात होती.

काका बैलांचे पाय धूत बसला,
आधी चिमण्याचे, मग बाज्याचे,
खुरांतली माती बोटानं काढत.
सकाळी काढली होती तशीच.

"काका, तुला ऐकू नाही आलं?"
"आलं ना बापा.
पण त्याची जीभ काही माह्या धुरीले जुतली नाही.
मी कायले हाकू?"

परतताना टेंपोत,
धान कापलेल्या बांध्यांवर अंधार पडलेला,
त्यानं न विचारता सांगितलं:
"विशीत असाच हरलो होतो. लोक हसले.
मी घरी येऊन बैलाले झोडपलं,
त्याचा डावा डोळा गेला.
दुसऱ्या दिवशी त्यानं
माह्याच हातून ढेप खाल्ली.
तवा समजलं,
त्या राती जुतलेला मी होतो, पोरा.
कासरा हसणाऱ्यांच्या हातात."

मग तो तणसाच्या पेंढीला टेकून झोपला,
रस्त्यातल्या खड्ड्यांसकट.

फाट्यावर उतरलो.
पराणीवरची मूठ उघडायला
मला वेळ लागला,
अर्ध्या सेकंदाहून बराच.