दिलगिरी

पावणेसहाला बाळू रेणुसे सायकल न थांबवता
दुसऱ्या मजल्यावर अंक भिरकावतो
आणि तो नेमका तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत पडतो.
मी माती झटकतो. म्हणतो, आला, विकला गेलेला.

तेहतीस वर्षं दैनिक मुळामुठा घेतोय
आणि तेहतीस वर्षं शिव्या घालतोय.
आमच्या माणसाच्या सभेला अख्खं नदीपात्र भरलं
तर फोटो मागच्या मोकळ्या खुर्च्यांचा.
त्यांच्या माणसाने गटाराचं झाकण बसवलं
तरी चार कॉलम, हसऱ्या चेहऱ्यासकट.
खालचे मोमीनसर मात्र शपथेवर सांगतात
की पेपर आमच्याच माणसाच्या खिशात आहे.
जिन्यात आम्ही एकाच बातमीवर बोट ठेवून भांडतो,
त्यांचा चष्मा वर राहिला असेल तर माझा, आळीपाळीने.

पत्रं लिहितो. ते छापतात, पण नांगी काढून.
'निर्लज्जपणे' जातं, 'काहीशा घाईने' येतं.
शेवटी नावापुढे 'दत्तवाडी' असतं, तेवढं माझं.

शालन म्हणायची, मग बंद करा की.
एकदा केला.
महिनाभर दुसरा घेतला, शब्दन् शब्द माझ्या मनातला.
सात मिनिटांत संपायचा.
उरलेल्या चहाला मी नुसती मान डोलवायचो,
दारात आलेल्या नंदीबैलासारखी.
तो दिल्लीचं सगळं सांगायचा,
पण गुरुवारी पर्वतीचं पाणी बंद, हे नाही.
अंगभर साबण लावून मी बाथरूममध्ये उभा
आणि बाहेर शालन पोट धरून हसतेय.
शनिवारी कुंडीत पुन्हा मुळामुठा.

अग्रलेखाचं पान ती फडताळात घालायची.
यावर काहीच चिकटत नाही, म्हणायची,
डबे सरकवायला बरं.

चैत्रात ती गेली.
लक्ष्मी रोडच्या त्यांच्या कचेरीत, त्याच काउंटरवर
जिथे मी दोनदा तावातावाने जाऊन आलो होतो,
निधनाची चौकट द्यायला गेलो.
दुसरीकडे कुठे देणार?
तिच्या भिशीतल्या बायका, भाजीवाल्या ताराबाई धिवार,
दातांचे डॉक्टर, हिंगण्याची मावसबहीण
सगळे हाच वाचतात,
नावं ठेवत.
काउंटरवरच्या पोऱ्याने पेनाच्या टोकाने शब्द मोजले.
'प्रेमळ' काढलं तर कमी दरात बसेल, काका.
म्हटलं, राहू दे.
माझे एवढे शब्द तुम्ही फुकट कापलेत,
हा एक पैसे भरून ठेवतो.

सकाळी छापून आलं: शालिनी.

फोन केला. ओरडलो नाही.
एक्सचेंजमध्ये असताना ट्रंककॉलला गावाचं नाव सांगायचो
तसं सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.
पुढच्या दिवशी सातव्या पानावर, तळाला:
'शालिनी' असे छापले गेले, ते 'शालन' असे वाचावे.
दिलगीर आहोत.

तेहतीस वर्षांत मी कितीदा लिहिलं,
अमुक खोटं, तमुक अर्धवट, माफी मागा.
एकदाही नाही.
आणि तिच्यासाठी दोन ओळी.

मोमीनसर त्यांचा अंक घेऊन वर आले.
पहिल्या पानाबद्दल काही म्हणाले नाहीत.
बराच वेळ बसून मग म्हणाले,
ठळक टाइपात घेतलंय, बरं केलं.

आज पहिल्या पानावर तो माणूस पुन्हा हसतोय,
हातात नारळ.
खालच्या कोपऱ्यात चार धरणांत मिळून अकरा टीएमसी.
तो आकडा मी मानतो.
बाकीच्याला लाल पेन.

फडताळातलं पान बदलायला झालंय.
तिनेच घातलेलं, गेल्या मार्गशीर्षातला अग्रलेख,
मधोमध तुरडाळीच्या डब्याचं गोल.
डबा उचलून उभ्याउभ्या वाचला.
एकांगी आहे.
डबा परत त्याच गोलावर ठेवला.