वरची बाजू

त्याचं नाव वॉशिंग्टन.
हसू नका, मोंतेविदेओत असतात अशी नावं;
बापाला वर्तमानपत्रातला शब्द आवडला, ठेवला.
वय एकोणसाठ. काम : चित्रं टांगणं.
खिशात ओळंबा, कानामागे पेन्सिल,
काखेत येर्बाच्या कडू चहासाठी गरम पाण्याचा थर्मास,
दालनात न्यायला बंदी, तरीही.

बंदराजवळचं हे संग्रहालय
पूर्वी लोकरीचं गोदाम होतं.
भिंतींना तीनदा चुना दिला,
पण नदीवरून दमट वारा सुटला
की मेंढी अजून आत येते, वासाने.

या खेपेला इर्मा बेंतांकुरचं प्रदर्शन.
बाई गेली मागच्या हिवाळ्यात, जुलैमध्ये.
मागे ठेवून गेली :
जहाजाचा गंजका पत्रा, घडीच्या पोळीसारखा दुमडलेला;
काचेच्या नळ्या, ज्यांत फक्त तिचा श्वास होता;
एक चित्रफीत, सतरा मिनिटं नुसता करडा रंग हलतो;
आणि हे.
दीड मीटर बाय दीड मीटर.
डांबर आणि लोकर.
नाव नाही. पाठीवर बाण नाही.

वरची बाजू कोणती?

पुतण्याला फोन लावला. पुतण्या म्हणाला, कोण इर्मा?
एक फोटो सापडला. त्यात चित्र जमिनीवर आडवं,
आणि त्यावर मांजर.

मग वॉशिंग्टनने ते अलगद पालथं केलं,
आजारी माणसाला कुशीवर वळवतात तसं.
चौकटीच्या चारही अंगांना हुकांची भोकं,
प्रत्येकाचा गंज वेगळ्या वयाचा.
पुन्हा उलटवून डांबराचे ओघळ पाहिले :
एक इकडे धावलेला, एक नेमका उलटा,
दोन आडवे, एकमेकांकडे पाठ करून.
म्हणजे बाईने चार वेळा
जमीन कुठे आहे ते बदललं होतं,
आणि चारही वेळा ओळंबा खराच होता.

कॅटलॉग उद्या छापायला जातोय, क्युरेटर म्हणाली,
एक बाजू सांग.
त्याने सांगितली. कोणतीतरी.

पण सोमवारी संग्रहालय बंद असतं.
सोमवारी तो एकटा शिडी लावतो,
पाव फेरा देतो,
ओळंबा सोडतो, डोळा बारीक करतो, उतरतो.

कुणाला कळलं नाही.
समीक्षकाला नाही, शाळेच्या सहलीला नाही,
“हे तर माझा नातूही काढेल” म्हणणाऱ्या गृहस्थालाही नाही,
आणि तो तीनदा आला होता.

कळलं ते सुनिल्दाबाईंना.
पंच्याऐंशीच्या. याच गोदामात तेवीस वर्षं
लोकरीची प्रतवारी केलेल्या.
डोळ्यांत मोतीबिंदू.
पहिल्या रविवारी त्यांनी हात पुढे केला
तेव्हा पहारेकरी नेमका बुटाची नाडी बांधत होता.
अंगठा आणि तर्जनीत एक बट धरून म्हणाल्या,
“पोटाखालची. दुय्यम. हिला कधी भाव नव्हता.”
मग डांबराच्या काठाशी बोट थांबलं.
“ही मात्र खांद्याची.”
चांगल्या घरची मुलगी इथे कशी,
अशा सुरात.

पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.
बोटं गेली नेहमीच्या जागी, आणि तिथे डांबर.
जरा चाचपडल्या. वर, मग डावीकडे. सापडली खांद्याची.
“हिने कूस बदलली,” म्हणाल्या,
भिंतीला, की त्याला, कळायला मार्ग नव्हता.

वॉशिंग्टन मागेच उभा होता.
काही बोलला नाही.
थर्मास उघडला, भोपळ्याची वाटी भरली,
नळी त्यांच्याकडे वळवून पुढे धरली.
बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
“पाणी उकळू दिलंस तू.”

बाकावर बसले दोघं, बराच वेळ.
चित्रात काय आहे
हे त्यांनीही विचारलं नाही, यानेही नाही.
बाहेर एक जहाज भोंगा देऊन गेलं.
वाटी परत करताना बाई एवढंच म्हणाल्या,
“सोमवारी मागचं दार
किती वाजता उघडतोस?”