विरळणी

मोहाडीच्या पुढं, पिंगळांच्या द्राक्षबागेच्या बांधावर
मी तिपाई रोवतो.
ध्रुव इथं क्षितिजापासून एक वीत वर.
हात लांब करून मोजावं, करंगळी जमिनीला टेकवून,
अंगठ्याच्या टोकाशी तो असतोच.
नाशिकचा उजेड दक्षिणेला,
शिळ्या फोडणीसारखा पिवळा.
त्याच्याकडे पाठ करून बसायचं.

दुर्बीण लहान. ऐंशी मिलिमीटरचं भिंग,
फुलपात्राच्या तोंडाएवढं.
निळ्या ताऱ्यांना ते जांभळी किनार लावतं,
येवल्याच्या साडीला असावी तशी.
महागाचं भिंग किनार लावत नाही म्हणे.
पेन्शनमध्ये हेच बसलं.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले.
शाईचा ठिपका, सरकलेली रेघ,
आठाच्या पोटात साचलेला काळा थेंब,
दिसला की लाल खूण, ताव बाजूला.
ताटातली भाकरीसुद्धा उलटून बघायचो.
कुमुद विचारायची, "पास का नापास?"

आता कृत्तिका तपासतो.
नुसत्या डोळ्यांना सहा.
सातवी दिसते म्हणणारे
तरुण असतात किंवा थापाडे.
कॅमेरा दोन मिनिटं डोळा उघडा ठेवतो,
मिटतो, पुन्हा उघडतो.
असे साठ फोटो. घरी जाऊन एकावर एक रचायचे,
म्हणजे सगळ्यांची खरखर खाली बसते
आणि गोदेचं गढूळ पाणी निवळल्यावर
तळाचे खडे दिसावेत तसे
तारे दिसू लागतात, शेकड्यांनी.

उद्या मार्गशीर्ष लागतो. थंडी आठावर.
दव धरू नये म्हणून दुर्बिणीच्या गळ्यात
कुमुदचा मफलर.

एकोणचाळिसाव्या फोटोला
बांधावरून बॅटरी आली.
पिंगळांची सून, मुक्ता. रात्रीची लाइट बाराला येते,
मोटर चालू करायला निघालेली.
"कोण आहे तिकडं? … काका होय!"
तो फोटो गेला. चाळिसावाही गेला.
मी काही बोललो नाही.
शेत त्यांचं, म्हणजे अंधारही त्यांचाच.

मोटर घरघरली, ठिबकच्या नळ्यांतून हवा सुसकारली.
ती पडद्यावर वाकली.
बोटं अजून हिरवी, दिवसभर घडाघडातले मणी
कात्रीनं उडवलेले,
उरलेल्यांनी फुगावं म्हणून.
बराच वेळ बघून म्हणाली,
"केवढे दाटलेत! यांची विरळणी राहिली वाटतं."

मी हसलो. मग म्हणालो, होते गं, आपोआप होते.
लाखो वर्षांत एखादा तारा
गुच्छातून निसटतो, एकटाच चालू लागतो.
आपला सूर्यसुद्धा
असाच कुठल्या तरी घडातून गळालेला असणार.
"मग उरलेले फुगतात?"
"नाही."
"मग काय उपयोग," असं म्हणून
ती व्हॉल्व्ह फिरवायला गेली.

एकोणचाळिसावा फोटो मी पुन्हा उघडून पाहिला.
आकाश भाजल्यासारखं केशरी,
बारीकसारीक सगळं बुडालेलं,
आणि त्यात कृत्तिका सहाच,
नुसत्या डोळ्यांना दिसतात तेवढ्या.
नापास. वहीत लाल खूण केली.
पुसायचं बटण मात्र
दाबलं नाही.

दोन वाजता भिंगावर झाकण लावलं.
आता वीस फोटो झाकणासकट काढायचे.
त्यांत फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग उमटतात,
नंतर ते वजा करायचे,
त्याचा दोष आकाशाच्या नावावर जाऊ नये म्हणून.
प्रेसमध्ये अशी सोय नव्हती.
माझ्या डोळ्यातला ठिपका
किती तावांना भोवला असेल, कुणास ठाऊक.

मुक्ता थर्मास घेऊन आली, या वेळी बॅटरी न लावता,
चपला बांधाला घासत.
झाकणात चहा ओतला, आल्याचा.
"आता काय काढताय?"
"काळोख."

ती शेजारी उकिडवी बसली.
कॅमेऱ्यात कसलाही उजेड शिरणार नव्हता,
आवाजानं तर काहीच बिघडणार नव्हतं,
तरी कुजबुजत म्हणाली,
"साखर कमी पडली का?"