चाळीस गुण, वेळ दीड तास

वारज्यात लाइट गेलीय. लॅपटॉपवर बासष्ट टक्के.
तेवढ्यात प्रथम वर्षाचा पेपर काढायचा:
सामान्य मानसशास्त्र, प्रकरण एक ते पाच,
वीस प्रश्न, प्रत्येकी दोन गुण,
उद्या अकराला सीलबंद पाकीट
कुंटे मॅडमच्या टेबलावर.

बरोबर उत्तराला काही लागत नाही,
ते पुस्तकात असतंच, पान एकशे चार, चौकटीत.
कस लागतो तो चुकीच्या तिघांपायी.
चुकीचं उत्तरही चांगल्या घरचं दिसावं लागतं,
बरोबरच्याच उंचीचं, इस्त्री केलेलं,
क्षणभर वाटावं, हेच असणार.
फार बावळट ठेवलं तर कुणी वळून बघत नाही.
फार हुशार ठेवलं तर दुसऱ्या दिवशी
स्टाफरूमच्या दारात पाच जण उभे:
मॅडम, ‘ब’पण बरोबर होतं ना?

कुत्रा काढून टाकला. घंटा, लाळ, सगळं.
शंभर वर्षं गळतेय ती लाळ, आणि मुलं
‘घंटा’ दिसली की प्रश्न न वाचता टिक करतात.
खरं अभिसंधान ते हेच,
पण त्याचे गुण द्यायचे कुठल्या रकान्यात?

त्याऐवजी लिहिलं:
माळवाडीच्या स्टॉपवर उभ्या शिरीनची पर्स
एकदा गर्दीत मारली गेली.
आता लांबून बस दिसली तरी
तिचा हात आपोआप पर्सवर जातो.
बस रिकामी असली तरी जातो.
यातील अभिसंधित प्रतिसाद कोणता?
बरं जमलंय. एकेचाळीस टक्के.

अल्पकालीन स्मृती झाली. अवधान झालं.
प्रक्षेपणाला कुठलं उदाहरण द्यावं यावर
थोडा वेळ भावजयीची आठवण काढली, आणि ती सोडून दिली.

मग सतरावा.
गेल्या वर्षी इथे उंदीर होता.
दाणा कधी मिळतो, कधी नाही,
तरी तो कळ दाबतच राहतो. कारण?
चार पर्याय होते.
रुबिना तांबोळीनं एकावरही खूण केली नव्हती,
खाली पेन्सिलीनं पाचवा लिहिला होता:
इ) त्याला दुसरं काय काम आहे, मॅडम.

शून्य दिलं. उत्तरसूचीत ‘इ’ नव्हता.
पण तो गठ्ठा परत करताना
तिची उत्तरपत्रिका मी सगळ्यात खाली ठेवली,
का, ते प्रकरण पाचमध्ये सापडत नाही.

यंदा उंदीर नको, माणूस घेऊ, म्हणून लिहिलं:
एक बाई दर जूनला त्याच कॉलेजात मुलाखतीला जाते.
तासिका तत्त्वावर नऊ महिने शिकवते.
पगार कधी दिवाळीआधी होतो, कधी होळीनंतर.
एका वर्षी प्राचार्य जिन्यात थांबून म्हणाले,
‘तुमचं बघतो या वेळी.’
त्यानंतर सात जून झाले.
बाई अजून जाते. कारण?

अ) सातत्यपूर्ण प्रबलन
ब) अनियमित प्रबलन
क) विलोपन
ड) वरीलपैकी एकही नाही

बघत बसले.
चारही चांगल्या घरची दिसत होती.
उत्तर मला पाठ आहे, बारा वर्षं शिकवतेय:
बक्षीस रोज मिळालं तर सवय लवकर सुटते,
अधूनमधून मिळालं तर चिवट होते.
फळ्यावर मी हे वाक्य नेहमी अधोरेखित करते.

नऊ टक्के.
बाई खोडली. घाईत तिच्या जागी कबूतर लिहिलं,
प्राचार्य उडवले, जिना उडवला,
पगाराच्या जागी दाणे टाकले,
फाइल पेनड्राइव्हवर घेईपर्यंत
स्क्रीन काळी झाली.

परीक्षेच्या दिवशी पंख्याची घरघर,
पाऊण तास झालेला.
मागच्या बाकावरून हात वर आला.
तांबोळीच. एटीकेटी.
‘मॅडम, सतराव्यात चूक आहे का?
कबूतर दर जूनला का जातं?’

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.
मी घड्याळाकडे बघितलं.

‘छपाईची चूक आहे,’ म्हटलं,
‘सोडवा तुम्ही.’