सूट

उदबत्ती द्या, दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
देवापुढची नको, स्वस्तातली, धूर जास्त असणारी.

मी पेटवून दिली.
त्यांनी ती चौकटीभोवती फिरवली, सावकाश,
डॉक्टर पाठीवर नळी फिरवतो तशी.
सरळ वर चाललेला धूर
डाव्या बिजागरीपाशी एकदम आत वाकला.
"हितं," ते म्हणाले, आणि खडूनं फुली मारली.
"हितं बी. आणि हितं तर बोट जाईल, वैनी."

एका खिडकीला अकरा फुल्या.
आठ वर्षं राहतोय आम्ही राजारामपुरीत,
दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून.
मी पतसंस्थेत लोकांचा पैसान् पैसा जुळवते
आणि मला हे दिसलं नव्हतं.

ह्यांची रात्रपाळी. गोकुळ शिरगावला, भट्टीवर.
सकाळी येतात, अंगाला जळक्या वाळूचा वास,
आणि सगळी गल्ली जागी असताना
झोपायला बघतात.
तीन वाजता ऊन पायांवर येतं,
साडेतीनला पोटावर,
चारला तोंडावर.
उशी उलटी करतात. पुन्हा उलटी करतात.
भट्टीपुढून उठून भट्टीत.

मी पडदा लावला, पडद्यावर चादर,
काचेला वर्तमानपत्र, खळ लावून.
मग हप्त्यावर एसी.
बिल आलं चार हजार दोनशे सत्तर.
म्हणजे उन्हाळाभर
आम्ही सातवी गल्ली गार करत होतो.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं उद्यमनगरात
लाकडाचे पॅटर्न केले, पंपांचे, पुल्यांचे.
आता हात कापतो.
रंध्यावर ठेवला की थांबतो.
त्यांनी अळशीच्या तेलात खडूची भुकटी मळली,
काचेच्या कडा भरल्या अंगठ्यानं,
गाडीच्या दाराला असते तसली रबरी पट्टी
लक्ष्मीपुरीतून मीटरवर आणली,
आणि बांबूची चटई आत नाही, बाहेर टांगली.
"ऊन काचंच्या भाईरच अडवायचं.
आत आलेलं ऊन म्हंजे पावणा.
पडदा वडला म्हणून जात न्हाई."

फळी बसवताना मात्र
त्यांनी खिशातून दोन कोरी पोस्टकार्डं काढली,
पिवळी पडलेली,
आणि चौकटीत घालून बघितली.
दोन्ही गेली.
मी म्हटलं, आणखी घट्ट करा, केसही जायला नको.

"बीड गार झालं की आकसतंय," ते म्हणाले,
"म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा.
लाकूड पावसात फुगतंय,
म्हणून फळी जरा ल्हान.
आज घट्ट बसवलासा
तर आषाढात लाथ घालून उघडाय लागंल."
मग रबर दाबून बघत, माझ्याकडं न बघता:
"फट येगळी, सूट येगळी.
फट ऱ्हाती.
सूट ठेवाय लागती."

मला ते पटायला जड गेलं.
आमच्याकडं हिशेबात पोस्टकार्डाएवढा फरक निघाला
तर रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात.

मे महिन्याचं बिल दोन हजार सहाशे दहा.
खाली बारीक अक्षरात:
अमुक तारखेआधी भरल्यास सूट, चोवीस रुपये.
मी तारखेआधी भरलं.

एका रविवारी, चारच्या सुमारास,
मी भाजी निवडत होते.
घर एवढं गप्प की फ्रिज ऐकू येत होता.
आणि त्याच्यामागं दुसरा एक आवाज,
खरखरीत, लयीत चाललेला.
मला वाटलं कुणीतरी खाली लाकूड घासतंय.
बराच वेळ वाटत राहिलं.
हे घोरत होते.

खडूच्या फुल्या मी पुसल्या नाहीत.
पोस्टकार्डं मिस्त्री विसरून गेले,
की ठेवून गेले, कोण जाणे.

श्रावणात, चार दिवस उघडीप नव्हती तेव्हा,
मी ती काढली आणि फळीच्या कडेला घालून बघितली.
एक गेलं.
दुसरं निम्म्यात अडलं.
फळी मी बोटानं ढकलली.
उघडली.