खरं

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
माझ्याबरोबरच्या पुण्याच्या रेसिडेंटला
हे सहा महिने कळलंच नव्हतं.
'येतो, खरं उशीर होईल' म्हटलं की
ती म्हणायची, खोटं कोण म्हणतंय?

ड्यूटी नसलेल्या शनिवारी बेळगावच्या स्टँडवरून
निपाणीची बस धरतो.
पिशवीत तळाशी अ‍ॅप्रन, वर केळी,
लॅरिंगोस्कोप मोज्यात गुंडाळलेला.
थिसिस वंटमुरीच्या घाटापर्यंत वाचेन म्हणतो,
खरं काकतीलाच डोळे मिटतात.
'एळ्री डॉक्टर, निप्पाणी बंतु.'
कंडक्टर आता ओळखतो.
कॉलेजात कुणी ओळखू नये एवढंच.

नर्सिंग होमच्या रजिस्टरात
भूलतज्ज्ञाच्या रकान्यात नाव नाही, रेघ.
महानंदा सिस्टर ती पट्टी लावून ओढतात.

दोन सिझेरियन झाली.
मग पहाटे तीनला हुसेनबी, आतडं अडकलेलं.
विड्या वळून वळून बोटं अशी घट्टावलेली
की ऑक्सिमीटरची चिमटी आकडाच दाखवीना.
करंगळीला लावली. दाखवला.
मावशी, आकडे मोजा.
'मराठीत का कन्नडात?'
येतील तसे.
तिनं कट्टेच मोजायला घेतले.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
दोन कट्टे,
तीन,
चौथ्याला तिची जीभ जडावली.
नळी घातली, टेप लावली, स्टुलावर बसलो.
बीप. बीप.
बीप

डोळे उघडले तेव्हा
सर्जन पोटात बघत होते
आणि महानंदा सिस्टर माझ्याकडं.
मॉनिटरवर सगळं ठीक होतं.
किती वेळ ठीक होतं, ते मॉनिटर सांगत नाही
आणि सिस्टरनी सांगितलं नाही.
मला उठायला लावून त्यांनी
स्टूल पायानं भिंतीकडं सरकवलं,
पुन्हा स्वॅब मोजायला लागल्या.
उरलेला तास उभा होतो.

शुद्धीवर येताच हुसेनबीनं विचारलं,
किती झाले कट्टे?
तीन.
'मग झोपले वाटतं मी.'

सकाळी पाकीट. कुणाच्या तरी वास्तुशांतीचं,
पत्ता खोडलेला, आत रात्रीचे पैसे.
स्टँडवर तंबाखूचा वास, चहा,
नोटा मोजल्या, एकदाच.
गेल्या दोन महिन्यांच्या अशाच रात्रींतून
बाबांच्या कानाचं मशीन आलं.
आधी फोनवर काहीही सांगितलं तरी
ते 'बरं बरं' म्हणायचे.
आता खानापुरात बसून त्यांना
माझ्यामागचा निपाणीचा हॉर्नही ऐकू येतो.

'कुठं आहेस रे?
रात्री झोपलास काय?'

झोपलो, म्हटलं,
खरं

आणि ते
पुढचं ऐकायला थांबले.