कोमट

वीस वर्षं उद्यमबागेत भट्टीपाशी काढली मी.
चौदाशे अंशांवर लोखंड पाण्यासारखं वळतं,
साच्यात उतरताना लाल नाही, पांढरं दिसतं.
त्या उजेडाकडं माशीसुद्धा फिरकत नसे.
पापण्यांचे केस जळाले, आले, पुन्हा जळाले.
मग डॉक्टर म्हणाले, भरमू, पुरे आता.

आता मच्छेच्या पुढं, हॅचरीत रात्रपाळी.
इथं आकडा एकच: सदतीस पॉइंट सहा.
दर तासाला काच पुसून, चष्मा कपाळावर ढकलून
वहीत उतरवायचा.
फार वर गेला की पिल्लू आतल्या आत थकतं.
फार खाली आला की विसरतं,
कवच कुठून फोडायचं ते.
पहिल्या रात्री हसूच आलं.
भट्टीच्या हिशेबात पन्नास इकडं, पन्नास तिकडं चालायचं;
इथं दशांशाच्या टिंबाला जीव चिकटलेला.

वैजूचं पुस्तक डब्यासोबत आणतो.
शुक्रावर शिसं वितळेल, असं त्यात लिहिलंय.
शिसं मी वितळवलंय,
मार्कंडेयच्या काठी, जाळ्याला वजनं करायला,
लोखंडी पळीत.
पण पळीतच ज्याची सकाळ, पळीतच संध्याकाळ,
असं गाव काही डोळ्यांपुढं येत नाही.
मंगळावर उलटं.
भर दुपारी तळपायाला बरं वाटेल,
डोक्यापाशी पाणी गोठेल,
आणि रात्र उणे ऐंशी.
पाणी एकीकडं उडून गेलं,
एकीकडं दगड होऊन बसलं.
मधल्या पट्ट्यात आपण.
वैजू म्हणते, त्या पट्ट्याला शास्त्रात नाव आहे.
म्हटलं, आमच्याकडं पण आहे की. सीमाभाग.
ती हसली. मी तेवढा हसलो नाही.

गंगव्वा बैलहोंगलची.
कोमटाला ती 'उगुरु बेच्चगे' म्हणते,
नखाला कळेल इतकी ऊब.
मी तिला कोमट दिलं, तिनं मला नख.

परवा रात्री दोनला लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
नऊ हजार अंडी. एकोणिसावा दिवस.
सदतीस. साडेछत्तीस.
गंगव्वानं एक अंडं उचललं, मिटल्या पापणीला लावलं,
कातडी तिथं सगळ्यात पातळ.
'तंप आगाकत्तैति', गार होऊ लागलंय,
हळूच म्हणाली, कुणी जागं होईल अशी.
पोती, वाकळा, माझं जर्किन, तिची शाल,
मालकाच्या गाडीचं कव्हर,
मिळेल ते मशीनवर पांघरलं.
बाहेर खानापूरच्या रानाकडून वारा.
आभाळ साफ, ताऱ्यांचा नुसता गिचका,
आणि ताऱ्याताऱ्यामधल्या त्या सगळ्या काळोखात,
पुस्तकावर विश्वास ठेवायचा तर,
उणे दोनशे सत्तर.
एक अंडं कानाशी धरलं.
आतून कुणीतरी खरवडत होतं,
थांबत होतं,
खरवडत होतं.

पावणेपाचला लाईट आली.
पस्तीस पॉइंट नऊ. लिहिलं.

एकविसाव्या दिवशी मोजदाद झाली.
किती निघाली ते वहीत आहे.
न निघालेली गंगव्वानं बादल्यांत भरली,
मी तेव्हा नळावर हात धूत होतो,
बराच वेळ.

रविवारी कट्ट्यावर चहा.
कुणीतरी म्हणालं, बेळगावात पूर्वी पंखा लागत नव्हता,
आता मार्चातच फिरवावा लागतोय.
दुसरा म्हणाला, पेपरात येतंय, पृथ्वी दीड अंशानं तापणार म्हणे.
दीड अंशानं काय होतंय हो?
स्वेटरचे पैसे वाचले, जाऊन सोड की.
सगळे हसले.
चहा निवत होता.
कपाच्या कडेवर नख टेकवून
मी बसलो होतो,
आकडा मनात उतरवत,
टिंब कुठं द्यायचं ते शोधत.